गाडी घेताना क्राऊन विचारून घ्या

ट्रक बुक करायला गेलेला माणूस काय काय विचारतो ते आपल्याला ठाऊक आहे. किती हॉर्सपॉवर, किती टायर, अ‍ॅव्हरेज काय देते, डाउन पेमेंट किती, हप्ता किती बसेल, केबिनला एसी आहे का. मागच्या हाउसिंगमध्ये कुठला क्राऊन-पिनियन बसवलाय, हे विचारणारा मात्र विरळा. पुढे कित्येक वर्षं ती गाडी घाट कुठल्या गिअरमध्ये चढणार, हायवेला किती आरपीएमवर पळणार, क्लच प्लेट किती खाणार आणि उतारावर इंजिन तिला किती धरून ठेवणार, हे बऱ्याच अंशी त्या एका आकड्यावर ठरतं. यार्डात जी गाडी उभी असते ती आपण घेऊन येतो. तिचा क्राऊन दुसऱ्याच कुणाच्या रस्त्यासाठी निवडलेला असतो.

घर आणि शेत तारण ठेवून एक-दोन गाड्या चालवणाऱ्या मालकांना माझी कळकळीची विनंती आहे. सही करण्याआधी हा आकडा विचारा आणि आपल्या रस्त्याला, आपल्या मालाला तो जमतो का, ते कागदावर मांडून बघा. त्याला इंजिनिअर लागत नाही. गुणाकार-भागाकार येत असला की पुरे.

आकडा म्हणजे काय, ते थोडक्यात. गिअरबॉक्समधून निघालेला प्रॉपेलर शाफ्ट मागे पिनियन फिरवतो आणि पिनियन क्राऊनला फिरवतो. पिनियनला दात थोडे, क्राऊनला जास्त. क्राऊनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागलं की अ‍ॅक्सलचा रेशो निघतो. 7 आणि 41 दातांची जोडी असेल तर 5.86. 6 आणि 37 ची असेल तर 6.17. 6 आणि 41 ची असेल तर 6.83. म्हणजे चाकाचा एक फेरा व्हायला शाफ्टला इतके फेरे मारावे लागतात. आकडा मोठा असला की ओढ जास्त आणि वेग कमी, लहान असला की उलट. कुणी एकाला लोडचा क्राऊन म्हणतं, दुसऱ्याला स्पीडचा.

आता सगळ्यात मोठा गैरसमज आधी काढून टाकू. मोठ्या रेशोचा क्राऊन टाकला की गाडीची ताकद वाढते, असं पुष्कळ जण धरून चालतात. ताकद इंजिनातच असते, आणि घाटात गाडी जास्तीत जास्त किती वेगाने चढेल याची हद्द इंजिनाची हॉर्सपॉवर आणि गाडीचं वजन मिळून ठरवतात. क्राऊन त्या ताकदीत अर्ध्या हॉर्सपॉवरचीही भर घालत नाही. तो फक्त गिअरच्या पायऱ्या सरकवतो. समोरच्या चढाला जी पायरी हवी ती तुमच्या गाडीत आहे की दोन पायऱ्यांच्या मधल्या खड्ड्यात तुम्ही अडकताय, एवढंच त्याच्या हाती असतं. आणि ते ‘एवढंच’ फार मोठं आहे.

एक हिशेब पुरता करून दाखवतो, सावकाश वाचा.

दहा टायरची, तीन अ‍ॅक्सलची गाडी घ्या. जुलै 2018 मध्ये केंद्र सरकारने अ‍ॅक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवली, तेव्हा अशा गाडीचं मालासकट वजन 25 टनांवरून 28.5 टनांवर गेलं. डोंगरी रस्ता आखताना इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांप्रमाणे नेहमीचा चढ 20 ला 1, म्हणजे 5 टक्के धरतात. अडचणीच्या जागी 6 आणि अगदीच नाइलाज असेल तिथे 7 टक्के. आपल्या जुन्या घाटांत वळणाच्या आतल्या अंगाला याहून उभी जागाही सापडते, पण हिशेबाला आपण 5 टक्के घेऊ.

28.5 टनांचा विसावा भाग झाला 1.42 टन. इतकं वजन गाडीला मागे खेचतं. टायर रस्त्यावर दबत फिरतात त्याला वजनाचा साधारण एक टक्का धरा, म्हणजे आणखी 0.28 टन. एकूण 1.7 टनांची ओढ चाकाला हवी. दहा-वीसच्या टायरची त्रिज्या वजनाखाली अर्ध्या मीटरच्या किंचित वर भरते, त्यामुळे चाकावर सुमारे 8,500 न्यूटन-मीटर टॉर्क लागेल. इंजिन चढावर सलग 600 न्यूटन-मीटर देतंय आणि त्यातला आठवा हिस्सा गिअरबॉक्स व हाउसिंगमध्ये जिरतोय असं समजा. उरले 525. साडेआठ हजारांना 525 ने भागा: 16.2. म्हणजे गिअरबॉक्सचा रेशो गुणिले क्राऊनचा रेशो किमान 16.2 आला, तर गाडी तो चढ दम न सोडता चढेल.

समजा, तुमच्या गिअरबॉक्सचा तिसरा गिअर 2.5 आहे आणि दुसरा 4.1. आता तिन्ही क्राऊन लावून बघा. 6.83 वर तिसऱ्यात 17.1 येतात. पुरतात, गाडी तिसऱ्यातच चढते आणि 1,500 आरपीएमला ताशी जवळजवळ 17 किलोमीटर वेग राहतो. 5.86 वर तिसऱ्यात 14.6 येतात. पुरत नाहीत, दुसरा पाडावा लागतो, आणि त्याच 1,500 आरपीएमला वेग येतो 12 वर. बरं, मधला 6.17 घेतला तर? तिसऱ्यात 15.4. थोडक्यात हुकलं. दुसरा पाडावाच लागतो आणि आता वेग साडेअकरावर. मधला मार्ग म्हणून जो क्राऊन घेतला, तोच या चढाला तिघांत वाईट ठरला.

लगेच 6.83 घ्यायला धावू नका. चढ 7 टक्क्यांचा असेल तर हाच हिशेब 21.7 मागतो. तिथे तिन्ही क्राऊनना दुसरा गिअरच लागतो, आणि मग त्याच 1,500 आरपीएमला 5.86 ची गाडी ताशी 12 ने चढते तर 6.83 ची जेमतेम सव्वादहाने. इंजिन तेच, वजन तेच, घाट बदलला आणि निकाल उलटला. म्हणून ‘शेजाऱ्याच्या गाडीला हा क्राऊन मस्त चालतो’ हा आधार पुरेसा नसतो. तो कऱ्हाडवरून कुंभार्ली घाट करत असेल आणि तुम्ही खंबाटकी.

या हिशेबात वरचे आकडे काढून तुमचे घाला. इंजिनाचा टॉर्क आणि प्रत्येक गिअरचा रेशो कंपनीच्या पत्रकात छापलेला असतो. छापील कमाल टॉर्क सगळाच धरू नका, थोडा हात राखून धरा. उन्हाळा, चोंदलेला एअर फिल्टर, चालू असलेला एसी, सगळेच त्यातून आपापला वाटा घेतात.

गिअरच्या पायऱ्या जितक्या लांबलांब, तितकी क्राऊनची निवड नाजूक. सहा गिअरच्या गाडीत दुसऱ्या-तिसऱ्यामधलं अंतर मोठं असतं, तिथे चुकीचा क्राऊन रोज छळतो. नऊ किंवा त्याहून जास्त गिअर असलेल्या गाडीत पायऱ्या जवळजवळ असतात, कुठला ना कुठला गिअर चढाला जुळतोच. अशा गाडीला क्राऊन सपाटीवरच्या धावेकडे बघून निवडायला हरकत नाही. ट्रॅक्टर-ट्रेलरमध्ये चारच्या आसपासचे लहान रेशो चालतात, त्यामागे हेही एक कारण आहे. घाटाची जबाबदारी गिअरबॉक्सने उचललेली असते.

आता सपाटी. इथला हिशेब आणखी सोपा आहे. मागच्या टायरवर खडूने खूण करा, गाडी लोडसकट एक फेरा पुढे घ्या आणि जमिनीवरचं अंतर टेपने मोजा. दहा-वीसच्या टायरला ते 3.2 मीटरच्या आसपास येईल. म्हणजे किलोमीटरला सुमारे 312 फेरे. ताशी 60 ला गाडी मिनिटाला एक किलोमीटर जाते, तेव्हा चाक मिनिटाला 312 वेळा फिरतं. टॉप गिअर एकास एक असेल तर 312 ला क्राऊनच्या रेशोने गुणायचं, की इंजिनाचे आरपीएम मिळाले: 5.86 ला 1,830, 6.17 ला 1,925 आणि 6.83 ला 2,130. टॉप ओव्हरड्राइव्हचा असेल तर त्याच्या रेशोने आणखी एकदा गुणा.

हे आकडे इंजिनाच्या टॉर्कच्या पट्ट्याशी ताडून बघा. सध्याच्या डिझेल इंजिनांचा पूर्ण टॉर्क बहुधा 1,000 च्या पुढेमागे सुरू होतो आणि 1,600-1,800 पर्यंत टिकतो. रोजचा वेग त्या पट्ट्याच्या मधोमध किंवा किंचित वर बसला तर इंजिन सुखात राहतं आणि डिझेल कमी पितं. त्याच्या बऱ्याच वर बसला तर पिस्टन-रिंगांचं घर्षण, पंखा, पंप, सगळंच जास्त फिरतं आणि त्याचे पैसे पंपावर मोजावे लागतात.

वेगाच्या मोहाबद्दल एक सांगणं आहे. मालवाहू गाड्यांना स्पीड लिमिटर सक्तीचा आहे. साधारण ट्रकला ताशी 80 ची मर्यादा, डंपर आणि टँकरला 60 ची. म्हणजे खडी-वाळूच्या डंपरला स्पीडचा क्राऊन घेऊन साधायचं काहीच नाही. ती गाडी खाणीच्या खड्ड्यातून चिखलात वर यायची असते, तिला मोठाच रेशो हवा. जड कामाच्या डंपरांत तर कंपन्या चाकाच्या हबमध्येच आणखी एक गिअर-संच घालतात, म्हणजे मधल्या क्राऊनवर सगळा भार पडत नाही. दुसऱ्या टोकाला, भिवंडीहून नागपूरकडे समृद्धी महामार्गाने पार्सल नेणारी गाडी 6.83 वर घेतली, तर 2,500 आरपीएमला ती ताशी 70 लाच थांबेल आणि दिवसभर किंचाळत राहील.

लहान रेशोचा मोह जास्त फसवा आहे, कारण तो अ‍ॅव्हरेजच्या नावाने येतो. शोरूममध्ये सांगतात की हा क्राऊन घ्या, डिझेल वाचेल. रिकाम्या किंवा हलक्या गाडीला ते खरंही असतं. पण भरलेल्या गाडीला टॉप पडतच नसेल तर? पूल आला, खालचा गिअर. बारीक चढ आला, खालचा गिअर. समोरून वारा असला तरी खालचा गिअर. ड्रायव्हर दिवसभर टॉपच्या खालच्या गिअरवर चालवतो. इंजिन त्याच जुन्या आरपीएमवर फिरतं, वर गिअर बदलण्याचा त्रास आणि क्लचची झीज जोडीला. वाचायचं ठरलेलं डिझेल वाचत नाही आणि मालक ड्रायव्हरवर डोळे वटारतो. असे वाद मी पुष्कळ ऐकले आहेत, आणि ड्रायव्हरचा दोष त्यांत फार थोड्या वेळा होता.

झीज कुठे जाते तेही बघा. चाकाला सारखीच ओढ द्यायची असेल तर लहान रेशोच्या गाडीत क्लच, गिअरबॉक्स आणि प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस यांना जास्त टॉर्क सोसावा लागतो. मोठ्या रेशोत त्यांच्यावरचं ओझं हलकं होतं, पण पहिल्या गिअरमध्ये दणका देऊन गाडी उचलली तर अ‍ॅक्सल शाफ्ट आणि पिनियनचे दात धोक्यात येतात. सहा दातांचं पिनियन बारीक असतं हे विसरू नका. गाडी कुठे मोडायची तेही आपण क्राऊन निवडताना नकळत निवडत असतो.

मालाची दिशा हा मुद्दा तर जवळपास कुणीच विचारात घेत नाही. नाशिकचा कांदा आणि द्राक्षं न्हावाशेवाला जातात तेव्हा भरलेली गाडी कसारा घाट उतरते आणि परतीला बरेचदा हलकी किंवा रिकामी चढते. कोकणातला जांभा चिरा कोल्हापूर-सांगलीकडे जातो तेव्हा भरलेली गाडी घाट चढते आणि रिकामी उतरते. घाटाचा उभेपणा सारखा असला तरी या दोन गाड्यांची गरज वेगळी आहे. चिऱ्याच्या गाडीला वरचा चढाचा हिशेब लागू. चढावर मध्येच थांबून पुन्हा उचलता यायला हवी, क्लच न जाळता. कांद्याच्या गाडीला उतरणीवर कोण धरणार, हा पहिला प्रश्न.

इगतपुरी ते कसारा सुमारे तीनशे मीटरचा उतार आहे. 55 टनांचा ट्रेलर तेवढं खाली येतो तेव्हा 45 युनिट विजेइतकी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ती इंजिनाने जिरवली नाही तर ब्रेक ड्रम आणि लायनर जिरवतात, म्हणजे तापतात. एका हद्दीपुढे तापलेला लायनर धरत नाही, पेडल कितीही दाबा. इंजिनाची धरण्याची ताकद चाकापर्यंत पोचते ती याच क्राऊनने गुणली जाऊन. एकाच गिअरमध्ये, एकाच वेगाला, 6.83 च्या गाडीचं इंजिन 5.86 च्या गाडीपेक्षा सहाव्या हिश्श्याने जास्त फिरतं, आणि एक्झॉस्ट ब्रेक असेल तर त्याचा जोरही तसाच वाढतो. लहान रेशो असेल तर तेवढीच पकड मिळायला आणखी खालचा गिअर पाडून उतरावं लागतं, आणि तो उतार सुरू होण्याआधी पाडावा लागतो. एअर ब्रेकच्या जड गाडीत भर उतारात खालचा गिअर पडत नाही, गाडी न्यूट्रलमध्ये अडकते. भरलेली गाडी ज्या गिअरमध्ये चढेल निदान तितक्या खालच्या गिअरमध्ये उतरवा, हे जुन्या ड्रायव्हरांचं सांगणं आजही पाळण्यासारखं आहे.

4 जुलै 2023 ला धुळे जिल्ह्यातल्या पळासनेरला मुंबई-आग्रा महामार्गावर ब्रेक निकामी झालेला कंटेनर गाड्यांना धडकून हॉटेलात घुसला आणि किमान दहा माणसं गेली. पुण्यात नव्या कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री एका अवजड वाहनाने चाळीसहून जास्त गाड्या उडवल्या. प्रत्येक अपघाताचं कारण वेगळं असतं, सगळ्यांचं खापर मी क्राऊनवर फोडत नाही. पण डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणं हा आपल्याकडचा जुना आणि जीवघेणा रिवाज आहे. गिअरमध्ये असताना पाय वर घेतला की आजच्या इंजिनाचा पंप डिझेल तोडतोच; न्यूट्रलमध्ये उलट आयडलिंगचं डिझेल जळत राहतं. म्हणजे वाचत काहीच नाही, आणि गाडी मोकाट सुटते. मालकांनी हे ड्रायव्हरला स्वतःच्या तोंडाने सांगावं. अ‍ॅव्हरेजसाठी तगादा लावायचा आणि न्यूट्रलबद्दल गप्प राहायचं, हे मला पटत नाही.

ओव्हरलोडचं तसंच. मोठा क्राऊन टाकला, आता पाच टन जास्त घालू, असं बोलणारे भेटतात. क्राऊनने ओढ वाढेल, पण ब्रेक तेवढेच राहतात, टायर तेवढेच, स्प्रिंगचे पाटे तेवढेच, आणि उतार आपल्या जागी असतोच. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा वजनाचा दंड 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये आहे, शिवाय जादा माल उतरवून ठेवावा लागतो. पण दंड ही यातली लहान गोष्ट आहे. पाच टन जास्त घातलेल्या गाडीसाठी क्राऊन निवडू नका. पासिंगच्या वजनासाठी निवडा आणि त्याच वजनावर चालवा.

अमेरिकेत घोड्यांचे ट्रेलर आणि बोटी ओढणाऱ्या पिकअप गाड्यांच्या पत्रकांत एकाच इंजिनासमोर 3.55, 3.73, 4.10 असे रेशो मांडलेले असतात आणि प्रत्येकासमोर ओढायच्या वजनाचा वेगळा आकडा असतो. गाडी तीच, क्राऊन बदलला की ओढायची परवानगी बदलते, हे तिथल्या साध्या गिऱ्हाइकाला छापून सांगितलं जातं. आपल्याकडे पोटापाण्यासाठी गाडी घेणाऱ्याला ते विचारून काढून घ्यावं लागतं. तर विचारा.

पण त्याआधी घरीच एकाला विचारा, तुमच्या ड्रायव्हरला. गाडी मालक निवडतो आणि चढावर अर्धा क्लच धरून ज्याचा पाय थरथरतो तो ड्रायव्हर त्या वेळी शोरूममध्ये नसतोच. त्याला जवळ बसवा, चहा द्या आणि नेमकं विचारा. भरलेल्या गाडीला टॉप कुठून कुठपर्यंत पडतो? कुठल्या घाटात कुठला गिअर? पहिला गिअर कुठे लागतो? पुढे गाडी बंद पडून रांग लागली तर कुठल्या वळणावर उचलताना भीती वाटते? उतरताना ब्रेक कुठे तापतात? त्याची उत्तरं लिहून ठेवा. कुठल्याही पत्रकापेक्षा तो कागद तुमच्या कामाचा आहे. आणि तुम्ही स्वतःच चालवत असाल तर चार फेऱ्यांत हेच टिपून ठेवा.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी ‘कंपनीचाच क्राऊन आहे’ या शब्दावर विसंबू नये. हाउसिंग कधीतरी उघडलेलं असतंच, आणि बाजारात जी जोडी मिळाली ती बसवलेली असू शकते. हाउसिंगवर पट्टी शाबूत असेल तर त्यावर दात लिहिलेले असतात. नसेल तर सपाट जागी बाकीच्या चाकांना चांगले ठोकळे लावा, मागची एकच बाजू जॅकवर घेऊन खाली घोडी लावा, गिअर न्यूट्रल करा आणि मागचा ब्रेक सुटलेला आहे ते पाहा. उचललेलं चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रॉपेलर शाफ्ट किती फेरे फिरतो ते खुणेने मोजा. दुसरं चाक जमिनीवर अडलेलं असल्यामुळे या दोन फेऱ्यांत क्राऊन एकच फेरा फिरतो, म्हणून शाफ्टचे फेरे हाच रेशो. पावणेसहाच्या किंचित पुढे आला तर 7-41, पावणेसातच्या किंचित पुढे आला तर 6-41. दहा टायरच्या बऱ्याच गाड्यांत मागचा एक अ‍ॅक्सल डमी असतो, मोजणी ओढत्या अ‍ॅक्सलवर करायची. दोन्ही अ‍ॅक्सल ओढणारे असतील तर ही युक्ती चालत नाही. तिथे मेस्त्रीकडून दोन्ही हाउसिंगांचे दात बघून घ्या. दोन्हींचा रेशो एकच असायला हवा, नाहीतर ते एकमेकांशी भांडत राहतात आणि काहीतरी तुटेपर्यंत थांबत नाहीत.

क्राऊन बदलायचाच असेल तर त्या मॉडेलला कंपनी स्वतः जे रेशो देते त्यांतलाच घ्या. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार होतात, म्हणून एकच नग बदलू नका. दातांना रंग लावून ठसा बघणारा मेस्त्री गाठा, ठसा दाताच्या मध्यावर बसला पाहिजे. तेल हायपॉइड गिअरचंच, जीएल-5 दर्जाचं. नव्या गाड्यांत वेग गिअरबॉक्सच्या सेन्सरवरून मोजतात, तिथे क्राऊन बदलल्यावर कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जाऊन संगणकात नवा रेशो भरून घ्यायलाच हवा. नाहीतर स्पीडोमीटर खोटं बोलतो आणि लिमिटर चुकीच्या वेगाला गाडी अडवतो. टायरचंही ध्यानात ठेवा. दहा-वीसच्या जागी अकरा-वीस चढवला तर घेर सुमारे तीन टक्क्यांनी वाढतो, म्हणजे तेवढ्याने तुमचा क्राऊन स्पीडकडे सरकला. वर जो 6.83 जेमतेम तिसऱ्यात चढत होता, त्याच्या हातातली बरीचशी गुंजाईश एवढ्यानेच जाते.

नव्या गाडीच्या बाबतीत शेवटचं काम ऑर्डर फॉर्मवरचं. या मॉडेलला कुठकुठले रेशो मिळतात ते विचारा. सेल्समनला ठाऊक नसेल तर वर्कशॉपच्या माणसाला बोलावून घ्या, तो सांगेल. आपल्या वजनाच्या गाडीची ग्रेडेबिलिटी, म्हणजे ती किती उभा चढ चढेल तो आकडा, कुठल्या क्राऊनवर मोजली आहे ते विचारा. जमलं तर भरलेली डेमो गाडी मागा आणि तुमच्याच ड्रायव्हरकडून चढावर थांबवून पुन्हा उचलून बघा. मग जो रेशो ठरेल तो दातांसकट फॉर्मवर लिहून घ्या आणि त्याखाली शिक्का घ्या. त्या क्राऊनची गाडी यार्डात नसेल आणि महिनाभर थांबावं लागेल असं म्हणाले, तर थांबा. डिलिव्हरीच्या दिवशी हार घालायच्या आधी टॉर्च घेऊन गाडीखाली वाका आणि हाउसिंगवरची पट्टी फॉर्मशी ताडून बघा.